पेडण्यातलं एक घर, ३४ फोटो आणि कोपऱ्यातला लोगो

२४ डिसेंबर २०२४, संध्याकाळचे साडेसहा. मी म्हापशाच्या बाजारात होतो, नाताळची गर्दी, आणि काकींचा फोन आला, आवाज एकदम घाबरलेला. "रे, बॅगो घेवन लोक आयल्यात, म्हणटात घर भाड्यान घेतलां." मी म्हटलं काकी तुम्ही दार लावून आत बसा, मी येतो. पेडण्याला पोचायला पाऊण तास गेला. पोचलो तर अंगणात तुळशीसमोर सहा माणसं उभी, नाशिकहून आलेलं कुटुंब, दोन लहान पोरं, एक आजी पायरीवर बसलेल्या, गाडीवाला सामान उतरवून निघून गेलेला. त्यातल्या दादांनी मला मोबाईल दाखवला. "हेच घर ना? चार रात्री बुक केल्यात, ३८ हजार भरलेत." स्क्रीनवर घराचे अकरा फोटो होते, अकराच्या अकरा मी काढलेले.

काकींनी ते घर कधीच कुणाला भाड्याने दिलेलं नाही, त्या स्वतः तिथे एकट्या राहतात. घर विक्रीला होतं आणि विक्रीचं काम माझ्याकडे होतं. त्या ३४ फोटोंचं पुढे काय काय झालं ते सगळं क्रमाने लिहितोय, गोव्यात आता गावागावात आमच्यासारखे छोटे प्रॉपर्टीवाले आहेत आणि फोटोंच्या बाबतीत जवळजवळ सगळे तेच करतात जे मी करत होतो. गावाचं नाव मुद्दाम टाळतोय, काकींनी आधीच पुरेसं सोसलंय.

आधी घराबद्दल. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मधे राजांगण म्हणजे घराच्या आतला चौक, मागे विहीर आणि थोडं पोरसू, म्हणजे परसबाग. काकींच्या सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. मालक दोन, काकी आणि मुंबईला असलेले त्यांचे दीर, त्यांना मी काका म्हणतो. गोव्याच्या कायद्यात नवराबायको दोघांच्या सह्या लागतात म्हणून काकांच्या बायकोचीही सही हवी, वारसाचे कागद, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सर्व्हे प्लॅन, हे सगळं जमवायला मी पाच महिने घातले. फोटोंना फक्त एक सकाळ दिली. आता मागे वळून बघताना मला हाच हिशेब सगळ्यात जास्त टोचतो.

मोपा विमानतळ जानेवारी २०२३ ला चालू झाल्यापासून पेडण्यातल्या घरांची चौकशी दिल्ली, बंगळुरू, मुंबईहून येते. ही माणसं आधी फोटो बघतात, आवडले तरच साईट व्हिजिटला येतात, त्यामुळे फोटो चांगले लागतातच. मी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, वृंदावन नवीन रंगवलेलं, त्यात ऊस आणि दिंड्याची काठी तशीच उभी, चिंचा-आवळे लटकलेले, कौलांवर कोवळं ऊन. ३४ फोटो काढले, सगळे फोनवर, चांगला फोन आहे. घरी येऊन सगळ्यांवर आमचा लोगो आणि मोबाईल नंबर टाकला, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या रंगात, प्रत्येक फोटोवर त्याच जागी त्याच साईजमध्ये. मला वाटलं झालं काम, वॉटरमार्क आहे म्हणजे फोटो आपले. पोर्टलवर टाकले, १ कोटी ६० लाख किंमत लावली, आणि पाच-सहा ब्रोकर ग्रुपवर पाठवले. आमचा धंदा असाच चालतो, तुझा क्लायंट माझी प्रॉपर्टी, ब्रोकरेज अर्धं अर्धं.

यात एक गोष्ट केली जी तेव्हा अगदी साधी वाटली. एका ग्रुपवर कोणीतरी म्हणालं की व्हॉट्सॲपवर फोटो धुरकट येतात, क्लायंटला मोठ्या स्क्रीनवर दाखवायचेत, ओरिजिनल दे. मी ओरिजिनल फाईल डॉक्युमेंट म्हणून टाकल्या. लोगो नसलेल्या. त्या डॉक्युमेंटमध्ये काय काय जातं ते पुढे येईलच.

पहिला झटका डिसेंबरच्या सुरुवातीला बसला. मुंबईहून काकांचा फोन, सरळ रागात, "तू आम्हाला एक साठ सांगतोस आणि बाजारात दोन दहाला लावतोस? वरचे पन्नास कोणाचे?" त्यांच्या मुलाला दुसऱ्या एका पोर्टलवर तेच घर दिसलेलं, तेच फोटो, किंमत २ कोटी १० लाख, खाली दुसऱ्याच एजंटचा नंबर. लोगो नव्हता. फोटो खालून पट्टी कापल्यासारखे थोडे आखूड केलेले, बस्स. तेवढं पुरलं. माझा कोपऱ्यातला लोगो एका क्रॉपमध्ये गेला, आणि त्याबरोबर काकांचा माझ्यावरचा विश्वास पण गेला. पैशापेक्षा हे वाईट होतं, खरंच सांगतो. गावात आमची तिसरी पिढी आहे, काकींच्या घरी मी लहानपणी चवथीला जेवलोय, आणि त्यांचे दीर मला चोर समजत होते.

त्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, "फोटो मी स्वतः काढलेत, मे महिन्यात घर बघायला आलेलो." मी शांतपणे म्हटलं, तुमचा चौथा फोटो उघडा. वृंदावनात ऊस आहे, चिंचा-आवळे आहेत. मे महिन्यात कोणाच्या अंगणात तुळशीचं लग्न असतं? पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. दोन तासांत त्याने लिस्टिंग काढली. लोगो कापता आला, ऊस कापता आला नाही, कारण तो फोटोच्या मधोमध होता. हे मला त्या दिवशी लक्षात यायला हवं होतं, पण मी लिस्टिंग निघाली या आनंदात राहिलो आणि पुढे काहीच बदललं नाही. काकांना मात्र मी पोर्टलवरची माझी नोंद, तारखेसकट, आणि माझ्या फोनमधल्या ओरिजिनल फाईल व्हिडिओ कॉलवर दाखवल्या तेव्हा ते निवळले.

मग २४ डिसेंबर.

नाशिकच्या दादांनी सगळं दाखवलं. फोटो शेअर करायच्या एका ॲपवर गोव्याच्या व्हिलांचं पेज, छान छान फोटो, पन्नासेक घरं, खाली नंबर. चॅट एकदम व्यवस्थित, चेक-इन दुपारी दोन, स्वयंपाकाची बाई मिळेल, ॲडव्हान्स यूपीआयने. आणि सगळ्यात मला हादरवून गेलेली गोष्ट, त्या माणसाने त्यांना लोकेशन पिन पाठवलेली जी थेट काकींच्या अंगणात पडत होती. आमच्या गावात बाहेरचा माणूस तिठ्यावर दोनदा विचारल्याशिवाय त्या घरापर्यंत पोचत नाही, पोर्टलवर मी फक्त तालुका टाकलेला. मग पिन आली कुठून?

माझ्या ओरिजिनल फाईलमधून. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या आत अक्षांश-रेखांश लिहिले जातात, एक्झिफ म्हणतात त्या माहितीला, त्यात तारीख, वेळ, फोनचं मॉडेल पण असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती पुसली जाते आणि फोटो दाबून लहान होतो. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाईल जशीच्या तशी जाते, जागेसकट. मी ते एकाच ग्रुपवर केलं होतं. म्हणजे एका एकट्या राहणाऱ्या बाईच्या घराचा अचूक पत्ता, आतल्या खोल्यांच्या फोटोंसकट, मीच शंभरेक अनोळखी लोकांना दिला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या संध्याकाळी आधी काय केलं ते सांगतो कारण क्रम महत्त्वाचा आहे. काकींनी तोवर दार उघडून आजींना आत बसवलेलं आणि सगळ्यांना चहा टाकलेला, पोरांना नेवऱ्या दिल्या. मी दादांना म्हटलं पहिला फोन १९३० ला करा, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, पैसे गेल्यावर जितक्या लवकर तक्रार तितकी ते पुढच्या खात्यात अडकवता यायची शक्यता जास्त. त्यांनी केला, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर दिला. मग त्या पेजचे, चॅटचे, नंबरचे स्क्रीनशॉट, लिंक दिसेल असे, आणि हे सगळं त्यांनी पेजवाल्याला शिव्या घालायच्या आत, कारण एकदा त्याला कळलं की तो ब्लॉक करतो आणि चॅट पण डिलीट करतो. त्यांचा ॲडव्हान्स दोन हप्त्यांत गेलेला, दुसरा हप्ता त्याच दुपारचा ११ हजारांचा, तो खात्यात होल्ड झाला, पहिला केव्हाच पुढे गेलेला. रात्री पोलिसांत दोन तक्रारी दिल्या, त्यांची पैशाची आणि काकींची घराच्या फोटोंची. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लागतं, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर ३१९, आणि कॉम्प्युटर-मोबाईल वापरून ते केलं तर आयटी कायद्याचं ६६ ड. कुटुंबाला राहायला २४ डिसेंबरला कुठे खोली मिळणार, शेवटी पर्वरीला माझ्या मावसभावाचा रिकामा फ्लॅट उघडून दिला.

जाता जाता टुरिस्ट लोकांसाठी एक, गोव्यात पर्यटकांना घर भाड्याने द्यायचं तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. ॲडव्हान्स भरायच्या आधी तो नोंदणी नंबर मागा, आणि मालकाला घरातून व्हिडिओ कॉल करायला सांगा. नाशिकच्या दादांनी दोन्ही केलं नव्हतं, त्यांना फोटो बघूनच घर आवडलेलं. फोटो चांगले होते म्हणून आवडलेलं.

दुसऱ्या आठवड्यात म्हापशात आमच्या वकीलबाईंकडे गेलो. माझा पहिला प्रश्न, फोटो माझे की काकींचे, घर तर त्यांचं. त्या म्हणाल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा लेखक म्हणजे फोटो काढणारा माणूस, आणि साधारणपणे पहिला मालक तोच. घर कोणाचं याचा इथे संबंध नाही. पण कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील तर वेगळा करार नसेल तेव्हा हक्क पैसे देणाऱ्याचा, आणि नोकरीत काढले असतील तर मालकाचा. म्हणजे उद्या मी फोटोग्राफर बोलावला आणि त्याचं बिल मी भरलं तर फोटो माझे, बिल काकींनी भरलं तर काकींचे. हे आपल्याकडे कोणीच लिहून ठेवत नाही आणि भांडण झालं की सगळे आठवायला बसतात. आता मी मालकाबरोबर जे विक्रीचं पत्र करतो त्यात दोन ओळी टाकतो, फोटो कोणाचे, आणि विक्री झाल्यावर किंवा काम काढून घेतल्यावर ते किती दिवसांत सगळीकडून उतरवायचे. कॉपीराइटची नोंदणी केलीच पाहिजे असं काही नाही, फोटो काढला की हक्क लागू होतो आणि फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. सिद्ध करायला ओरिजिनल फाईल लागते, म्हणून ती कधीही कोणाला द्यायची नाही आणि कधीही पुसायची नाही.

दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. २०१२ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात ६५ ब कलम आलं. फोटोवर जी हक्कासंबंधीची माहिती असते, मालकाचं नाव वगैरे, ती जाणूनबुजून परवानगीशिवाय काढणं किंवा बदलणं हाच वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. म्हणजे फोटो चोरला तो एक आणि त्यावरचं नाव कापलं तो दुसरा. वकीलबाईंचं म्हणणं, वॉटरमार्क कायद्याने सक्तीचा नाही, पण तो असला तर समोरच्याला "मला माहीत नव्हतं, नेटवर मिळाला" असं म्हणता येत नाही. पण त्यासाठी त्यावर नाव हवं, नुसतं चित्र असलेला लोगो पाहून कोणाला काय कळणार.

पोर्टल आणि ॲपवरून फोटो काढून घ्यायचा रस्ता त्यांनी सांगितला. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियम. लेखी तक्रार करायची, फोटो कोणता, माझा कसा, चोरलेला नेमका कुठल्या लिंकवर आहे, आणि मी कोर्टात जाऊन आदेश आणेन अशी हमी. तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत त्यांनी ते दिसणं थांबवायचं, २१ दिवसांपर्यंत. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही तर ते परत चालू करू शकतात. आम्ही त्या पेजबद्दल अशी तक्रार केली, पोलिसांच्या तक्रारीची प्रत जोडली, फोटो उतरले. आठवड्याने तेच फोटो दुसऱ्या नावाच्या पेजवर. परत तक्रार, परत उतरले, परत तिसरं पेज. इथे मला कळलं की मागे पळून हे संपणार नाही.

माझा भाचा कॉम्प्युटरचं शिकतो, तो सुट्टीत घरी होता. त्याला म्हटलं माझा वॉटरमार्क काढून दाखव. त्याने फोन घेतला, फोटोतली नको असलेली वस्तू पुसायची सोय आता साध्या फोनमध्ये असते, बोट फिरवलं आणि लोगो गेला, पाच सेकंदं पण नाही. मग तोच लोगो मी आकाशावर टाकून दिला, गेला. पांढऱ्या भिंतीवर, गेला. कौलांवर टाकला तेव्हा मात्र कौलांच्या ओळी वेड्यावाकड्या झाल्या, चिऱ्याच्या भिंतीवर डाग पडल्यासारखं दिसलं, झाडांच्या पानात थोडं चिखल झाल्यासारखं. म्हणजे सपाट जागा भरून काढणं सोपं, बारीक नक्षी असलेली जागा कठीण. आम्ही सगळे उलटच करतो, फोटो खराब दिसू नये म्हणून लोगो मोकळ्या आकाशात नाहीतर रिकाम्या कोपऱ्यात टाकतो, जिथून तो काढायला सगळ्यात सोपा.

भाच्याने अजून एक सांगितलं. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर अगदी तसाच टाकलेला असेल तर कॉम्प्युटर सगळे फोटो एकमेकांवर ठेवून त्यातला समान भाग शोधतो, तोच वॉटरमार्क, आणि मग सगळ्या फोटोंमधून एकदम काढून टाकतो. प्रत्येक फोटोत त्याचा आकार थोडा वाकडा-तिकडा केला तर मात्र ही पद्धत नीट चालत नाही, मागे खुणा राहतात. नुसती जागा बदलून तेवढा फरक पडत नाही, आकार थोडा बदलावा लागतो. माझे ३४ च्या ३४ फोटो एकाच शिक्क्याचे होते. आजच्या एआयसमोर तेही फार काळ टिकेल असं मी म्हणत नाही, चिकाटीने बसलेला माणूस काहीही पुसतो. पण फसवणारा एका दिवशी पन्नास घरं लावतो, तो एका घराच्या प्रत्येक फोटोवर अर्धा तास बसत नाही.

पहिल्या रागात मी काय केलं, फोटोच्या मधोमध मोठ्ठा लोगो आणि नंबर. पोर्टलने फोटो परत पाठवले, फोन नंबर चालत नाही म्हणे. आणि बंगळुरूच्या एका खऱ्या गिऱ्हाईकाने कळवलं की राजांगण नीट दिसतच नाही, साधे फोटो पाठवा. तिचं बरोबर होतं. घर दाखवायला फोटो काढतो आणि त्याच्यावरच आडवा पडदा लावतो, याला काय अर्थ.

हे सगळं चालू असताना काकी एक वाक्य बोलल्या आणि सगळा विचार फिरला. त्या म्हणाल्या, "तुझं नाव आहे त्यावर, ते ठीक, पण घर विकायचं आहे असं कुठे लिहिलंय?" खरंच कुठेच नव्हतं. फोटोवर माझी जाहिरात होती. त्या नाशिकच्या दादांना लोगो दिसला असता तरी काय कळलं असतं, कुठलीतरी कंपनी असेल, व्हिला चालवणारी. मी वॉटरमार्क एजंटच्या बाजूने बघत होतो, माझा फोटो चोरू नका. चोर ते वाचून थांबत नाही. वाचणारा माणूस दुसरा असतो, जो पैसे भरायच्या आधी मोबाईलवर फोटो मोठा करून बघतो. शिक्का त्याच्यासाठी हवा.

जानेवारीत ३४ मधले १९ फोटो ठेवले, नव्याने शिक्का मारला. मजकूर हा, "फक्त विक्रीसाठी, भाड्याने दिले जात नाही", खाली तेच इंग्रजीत, मग महिना-वर्ष आणि आमचं नाव. फोन नंबर नाही. अक्षरं जाड, कारण पोर्टल फोटो परत दाबतं तेव्हा बारीक अक्षरं विरघळतात, पांढरी आणि त्याला काळी बारीक कड, म्हणजे उजेडाच्या भिंतीवर पण वाचता येतात आणि अंधाऱ्या खोलीत पण. एवढी फिकट की मागचं घर दिसावं, एवढी ठळक की वाचायला डोळे ताणायला नकोत, हे प्रत्येक फोटोला वेगळं करावं लागलं, एक आकडा सगळीकडे चालत नाही. जागा प्रत्येक फोटोत वेगळी आणि मुद्दाम नक्षीवर, कौलं, चिरे, विहिरीचा कठडा, राजांगणाची फरशी, आणि अक्षरांची ओळ प्रत्येक वेळी थोडी वेगळी वाकवलेली. कडेपासून लांब, म्हणजे कापायला गेलं तर घरच कापलं जाईल, तो ऊस डोक्यात होता. नेटवर टाकायचे फोटो १२०० पिक्सेल रुंदीचेच. लोकेशन सगळ्यातून काढलं, आणि कॅमेऱ्यात ते बंदच करून टाकलं. ओरिजिनल वेगळ्या हार्ड डिस्कवर, तारखेसकट, हात न लावता.

गाळलेले १५ फोटो कुठले तेही सांगतो. देवघर, काकींची झोपायची खोली, कपाट, भिंतीवरचे घरच्यांचे फोटो, मागच्या दाराची कडी दिसणारा एक, अंगणातली स्कूटर नंबरसकट. हे मुळात नेटवर जायलाच नको होते. जो माणूस खरंच घर घेणार आहे त्याला साईट व्हिजिटला सगळं दिसतं. राहत्या घराचे फोटो काढताना मालकिणीला एकदा शेजारी बसवून एकेक फोटो दाखवायचा आणि हा जाऊ दे का विचारायचं, मी आता असंच करतो, एक तास जातो, जाऊ दे.

आणि ब्रोकर ग्रुपसाठी प्रत्येक ग्रुपची वेगळी प्रत. शिक्क्याच्या शेवटी एक छोटा आकडा, ग्रुप एकला १, दोनला २, असं. दिसायला तो फोटोचा अनुक्रमांक वाटतो. फेब्रुवारीत फोटो परत एका भाड्याच्या पेजवर आले, खालचा अर्धा मजकूर कोणीतरी घाईत पुसलेला, पण दोन फोटोंवर आकडा शाबूत, ४. चौथा ग्रुप म्हणजे तोच, जिथे मी डॉक्युमेंट टाकलेलं. ग्रुपच्या ॲडमिनला दाखवलं, त्याने तिथल्या अनोळखी नंबरची छाननी केली आणि बरेच नंबर काढले. त्यातला नेमका कोण हे कळलं नाही, मी त्या ग्रुपवर फोटो टाकणं बंद केलं, चौकशी आली तर एकेकाला नाव विचारून पाठवतो.

त्याच फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या आधी, बेळगावहून एका बाईंचा फोन. त्यांना माझा नंबर नेटवर आमचं नाव शोधून मिळाला. म्हणाल्या, "दादा, एक माणूस आम्हाला हे घर तीन रात्रींसाठी देतोय, पण कौलांवर अक्षरं दिसतात, फक्त विक्रीसाठी. हे खरं काय आहे?" त्या माणसाने त्यांना सांगितलेलं की जुने फोटो आहेत, पूर्वी विकायला काढलेलं, आता भाड्याने देतो. त्यांनी मग खालचा महिना बघितला, जानेवारी २०२५, आणि फोन केला. २० हजार भरणार होत्या. मी काकींना लगेच फोन करून सांगितलं. काकी म्हणाल्या, "बरं झालं बाबा, नाहीतर परत चहा टाकावा लागला असता," आणि मग थोड्या वेळाने, "त्या आजी बऱ्या असतील ना रे नाशिकच्या?" मी नाशिकला फोन लावून विचारलं, बऱ्या होत्या.

शिग्म्यानंतर घराचा व्यवहार झाला, पुण्याचं एक जोडपं, दोघं शिक्षक, निवृत्तीनंतर इथे राहायला येणारं. सबरजिस्ट्रारकडे सगळ्यांच्या सह्या झाल्या, काकाही मुंबईहून बायकोला घेऊन आले, जाताना मला म्हणाले पुढच्या चवथीला मुंबईला ये. काकी आता म्हापशाला मुलीकडे राहतात. त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं, वृंदावनाचा तो उसाचा फोटो, अक्षरं नसलेला. स्टुडिओत मोठा करून फ्रेम करून दिला.

सही झाली त्याच दिवशी संध्याकाळी मी सगळ्या पोर्टलवरून घर उतरवलं आणि प्रत्येक ग्रुपवर एक फोटो पाठवला, शिक्का मोठा, "विकलं, एप्रिल २०२५". पण नोव्हेंबरचे ते जुने फोटो, कोपऱ्यात लोगोवाले आणि लोगो नसलेले, पिनसकट, ते कुठेतरी आहेतच, ते मला परत आणता येणार नाहीत. म्हणून चाव्या देताना नव्या मालकांना सगळं सांगितलं, डिसेंबरची गोष्ट, पेजची नावं, केलेल्या तक्रारींच्या प्रती, १९३० नंबर, सगळं एका फाईलमध्ये घालून दिलं. त्यांनी गेटवर पाटी लावली, मराठीत आणि इंग्रजीत, की हे राहतं घर आहे, पर्यटकांना भाड्याने दिलं जात नाही. मे महिन्यात मी तिकडून जात होतो तर गेटसमोर एक गाडी थांबलेली, कर्नाटकची, आतला मुलगा खाली उतरून पाटी वाचत होता आणि मोबाईलकडे बघत होता. मी गाडी बाजूला लावली आणि त्याच्याकडे गेलो.